मनोरा, घर, दार, तारा

जॅक्सनला शाळेने घेतलं नाही. हे सोमवारी घडलं, आणि घडताना खोलीत पाच माणसं हजर होती, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही. पण रोवेना डाबरे त्या दिवसापासून असं धरून चालली आहे की तो सोमवार अजून यायचा आहे, आणि लहान मुलांच्या मानसशास्त्रात आयुष्य घालवलेल्या बाईला एवढी सूट द्यायला कुणाची हरकत नसावी. तेव्हा सोमवार आलेला नाही. त्याच्या आधीचा गुरुवार चालू आहे, मे महिना संपत आला आहे, आणि वसई पश्चिमेला, केकचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, तिच्या दवाखान्यात, रोवेना टेबलाच्या एका बाजूला आणि जॅक्सन दुसऱ्या बाजूला बसला आहे. खालून व्हॅनिला इसेन्सचा वास येतो. मुलं या खोलीत शिरली की आधी केक शोधतात. अजिबात न बोलणारी मुलंसुद्धा या एका मुद्द्यावर अगदी स्पष्ट असतात. जॅक्सनने केक शोधला नाही. तो खुर्चीत चढून बसला, पाय लोंबकळते सोडले आणि कामाला आलेल्या माणसासारखं रोवेनाकडे पाहिलं. रोवेनाने पहिलं कार्ड समोर धरलं. कार्डावर गुलाब होता.

"हे काय आहे?"

जॅक्सनने गुलाब नीट पाहिला, दोन्ही हात छातीशी जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आम्हासाठी विनंती कर."

रोवेनाच्या उत्तरपत्रिकेत चार रकाने होते: बरोबर, चूक, उत्तर नाही, इतर. तिने पेन 'इतर'वर नेलं, तिथून उचललं आणि दुसरं कार्ड काढलं. त्यावर मनोरा होता. आम्हासाठी विनंती कर. तिसऱ्यावर दुसरा मनोरा होता, जरा पांढरा. आम्हासाठी विनंती कर. घर, पेटी, दार, तारा. मुलगा दमत नव्हता, घाई करत नव्हता, चित्रात फरक करत नव्हता. मनोऱ्याला मिळालं तेवढंच पेटीलाही मिळत होतं. होडीच्या कार्डापर्यंत पोहोचता पोहोचता रोवेनाला असं वाटायला लागलं की खरं काम तो करतो आहे आणि आपण नुसत्या वस्तू पुढे सरकवतो आहोत. पोटात, बरगड्यांच्या जरा खाली, कुणीतरी बोटाने ढोसल्यासारखं झालं. ही भावना तिला ओळखीची होती, पण कुठून ते आठवेना, म्हणून तिने ती दुपारच्या जेवणावर ढकलली.

"सॉरी हां मॅडम," जॅक्सनची आई जेसिका म्हणाली. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पर्सचा पट्टा पिळत होती. "घरी पण असंच. परवा क्रिकेट लागलेलं. कॉमेंट्रीवाला प्लेअरचं नाव घेतो, की हा चालू. याचे पप्पा म्हणतात, असू दे, टीमला गरज आहे."

"दुसरं काही बोलतो?"

"बोलायचं कामच पडत नाही ना त्याला. तहान लागली की ग्लास आणून हातात देतो. भूक लागली की आजीच्या साडीला लटकतो. लास्ट इयर तर हे पण नव्हतं. आता रोज आजीबरोबर क्रूसाकडे जातो माळ करायला, प्रेयर असते ना, तिथून उचललं." तिने पट्ट्याला आणखी एक पीळ दिला. "मॅडम, स्कूलवाल्यांना सोमवारी रिपोर्ट पाहिजे. जूनमध्ये चार पूर्ण पाहिजेत, ते होतात, पुढच्या गुरुवारीच. पण बोलायला पाहिजे असं म्हणाले. दुसऱ्या दोन स्कूलनी नाही सांगितलंय. तुमचं ऐकतात, म्हणून इथे आले."

बाहेर कामणचे नथूकाका बसले होते. त्यांची नात संजना दिवसभर बोलते, झोपेतही बोलते, आणि कमी बोलायचं काही औषध आहे का हे विचारायला ते आले होते. दार उघडंच असल्यामुळे त्यांनी सगळं ऐकलं होतं. जेसिका बाहेर पडताना ते म्हणाले, "बोलतो की वो तुमचा. सगल्यांसाटी मागतो पन. आमची रांड नुसती सोतासाटी मागते." संजनाने विचारलं, कोण मागते, काय मागते, मला का नाही दिलं, आणि ती जिन्यापर्यंत बोलत राहिली.

जेसिका म्हणाली त्यात चूक काही नव्हतं. शाळावाले रोवेनाचं ऐकत होते. पूर्वी तीही परदेशी कार्डं वापरायची. त्यात बर्फाचा माणूस होता. कळंबच्या एका कोळ्याच्या मुलीने त्याच्याकडे बराच वेळ बघून सांगितलं होतं की याला नाक नाही, म्हणून कुणीतरी गाजर खोचलंय, आणि तो आता वितळून मरणार आहे. त्या चाचणीच्या नियमाप्रमाणे मुलीला शून्य मिळालं. त्या शून्यामुळे रोवेना इतकी चिडली की तिने स्वतःचा संच काढला. तीस चित्रं, सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणारी, कुठल्याही जातीधर्माच्या, कुठल्याही गावच्या मुलाला सारखीच ओळखीची. कामणपासून कळंबपर्यंत बालवाड्यांमधून ती दोन वर्षं फिरली, मुलांनी तिच्या अंगावर शाई, भात आणि एकदा एक खेकडा सांडला, आणि अखेर एका परिषदेत तिला शाल, श्रीफळ आणि लाकडी फळी मिळाली. फळीवर लिहिलं होतं: पूर्वप्राथमिक वयातील बालकांच्या बोधात्मक व वाचिक विकासाच्या आकलनातील योगदानाबद्दल. फळी इतकी जड होती की दवाखान्यात ती दार लागू नये म्हणून दारापाशी ठेवायला फार उपयोगी पडते. संचाबरोबर एक पुस्तिकाही होती, आणि पुस्तिकेत एक वाक्य होतं जे परिषदेतल्या लोकांनी उतरवून घेतलं होतं: चार वर्षे पूर्ण झालेल्या बालकाबाबत 'वाट पाहावी' असा शेरा देऊ नये. हे वाक्य चांगलं होतं. आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात, याचा बापही सहा वर्षांचा होईपर्यंत मुका होता, असं सांगत लोक मुलांना सात-सात वर्षांची होऊ देत, आणि तोवर त्या मुलांचं फार काही निघून गेलेलं असे. रोवेनाने अशी मुलं पाहिली होती. म्हणून ते वाक्य तिने जाड ठशात छापलं. ज्याला तिसांपैकी एकही चित्र ओळखता येत नाही तो चार पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी वाट पाहण्यालायक असतो आणि दुसऱ्या दिवशी नसतो, हे तिला तेव्हाही दिसलं होतं. पण रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि मारणारा स्वतः रेघेवर उभा नसतो.

त्या रात्री भाजी चिरताना तिला आठवलं की ती स्वतः चार वर्षं उलटून गेली तरी बोलत नव्हती. म्हणजे हे तिला माहीत होतंच. घरात ते एखाद्या फोटोसारखं भिंतीवर टांगलेलं होतं. पण आज ते भिंतीवरून उतरून ओट्यावर येऊन बसलं. तिची आई मार्गारेट तिला त्यांच्या गावाहून, सांडोरहून, थेट येशूच्या आईच्या, मोतमावलीच्या, जत्रेला घेऊन गेली होती. तिथे मेणाचे अवयव मिळतात. ज्याचं जे दुखतं ते विकत घ्यायचं आणि मावलीपुढे ठेवायचं. मेणाचे हात होते, पाय होते, डोळे होते, मूल हवं असणाऱ्यांसाठी बाळं होती, घर हवं असणाऱ्यांसाठी एकमजली आणि दुमजली घरं होती. जीभ नव्हती. मार्गारेटने सगळे स्टॉल पालथे घातले. शेवटी एका बाईने सांगितलं, बाय, जीभ कुणी मागत नाही, लोकांना कमी झालेली चालते. मग मार्गारेटने एक पाय घेतला, कारण मावलीला कळतं असं तिचं मत होतं, आणि तिकिटाचे पैसे गेलेच होते. त्यानंतर रोवेना भराभर चालायला लागली. बोलायला कधी लागली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिने आईला एकदा विचारलं होतं, तेव्हा मार्गारेट वांगी निवडत म्हणाली होती, "बोललीस एकदाची. तेव्हापासून थांबतेस कुठे?" आता विचारायला मार्गारेट नव्हती. रोवेनाने मनातल्या मनात स्वतःच्या नावाची उत्तरपत्रिका भरून पाहिली, वय चार वर्षं काही महिने, आणि शेरा काय येतो ते ठाऊक असल्यामुळे गॅस बारीक केला.

शनिवारी संध्याकाळी ती सांडोरला गेली; जॅक्सनचं घरही तिथेच होतं. निरीक्षणासाठी, असं तिने वहीत लिहिलं. मे महिनाभर तिथे आळीच्या क्रूसापाशी माळ होते. रोवेना कित्येक वर्षं गेली नव्हती. मे महिन्यात परिषदा असतात. केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता तोच होता, फक्त त्याच्या कडेला आता मोटारी इतक्या लागल्या होत्या की केळी त्यांच्यामागे रांगेत उभ्या असल्यासारख्या वाटत होत्या. क्रूसाला झेंडूच्या माळा आणि दिव्यांची लुकलुकती तोरणं होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि एका बाकड्यावर मोठ्या पातेल्यात उकडलेले चणे झाकून ठेवले होते. तो वास तिच्या नाकात गेला आणि बरगड्यांखालचं बोट पुन्हा ढोसून गेलं. जॅक्सनची आजी, कॅथरिन, पुढच्या खुर्चीत माळ हातात घेऊन बसली होती आणि जॅक्सन तिच्या गुडघ्याला टेकून उभा होता.

"तू मार्गारेटची ना गं बाय?" कॅथरिन म्हणाली. "बस. चणे शेवटी मिळतील. आधी उठून गेलीस तर नाही."

"मी याला बघायला आले, आंटी."

"बघ की. तिकीट नाही."

माळ झाली, आणि मग ती लांबलचक नामावळी सुरू झाली. कॅथरिन मावलीला स्तुतीने दिलेलं एकेक नाव घेई, आणि आळी उत्तर देई. नाव, उत्तर. नाव, उत्तर. रोवेनाने वही उघडली होती, पण तिचं तोंड तिला न विचारता उत्तर द्यायला लागलं. ती बंद करायला गेली तर ते आणखी मोठ्याने बोललं. बोलता बोलता कॅथरिन गुलाबाशी आली. आम्हासाठी विनंती कर. मग मनोरा आला, दाविदाचा. मग दुसरा मनोरा, हस्तिदंताचा. मग सोन्याचं घर, मग पेटी, मग दार, मग तारा. वहीवरचा हात थांबला. परिषदेत एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने विचारलं होतं की तुमच्या संचात दोन मनोरे का आहेत, आणि तिने न अडखळता सांगितलं होतं की सूक्ष्म भेद ओळखण्याची क्षमता तपासण्यासाठी. लोकांनी तेही उतरवून घेतलं होतं. सोप्याकडून अवघडाकडे जाणारा तो क्रम तिने एका दुपारी, एका बैठकीत लावला होता आणि आपल्याला तो किती सहज सुचला याचं तिला नंतर बराच काळ कौतुक वाटलं होतं. आकड्यांनीही त्याला पुष्टी दिली होती. आकडे मनाने चांगले असतात. म्हणजे कामणच्या नथूकाकांची संजना, कळंबची कोळ्याची पोर, सगळ्यांना तिने वर्षानुवर्षं समोर बसवून मावलीची नावं दाखवली होती आणि ती उत्तर चुकतात म्हणून त्यांचे गुण कापले होते. इतक्या मुलांमध्ये एकट्या जॅक्सनला चाचणी काय आहे ते कळलं होतं. रोवेनाला हसू यायला हवं होतं. हसू आलं नाही. त्याच्याऐवजी हाताला गरम चण्यांचा ओलावा जाणवला, जरी चणे अजून वाटले नव्हते, आणि कुणाच्या तरी जाड साडीची कड गालाला घासल्यासारखी वाटली, आणि तिची उंची पुन्हा लोकांच्या कमरेइतकी झाली.

तेवढ्यात कॅथरिनला खोकला आला. साधा, उन्हाळी खोकला, पण तो संपेना. तिने हाताने थांबा अशी खूण केली. आळी थांबली. जॅक्सनही थांबला, हात जोडलेले, मान वर. तो आजीच्या तोंडाकडे बघत राहिला. नाव येईना. मग त्याने मान वळवली, बाकड्याकडे पाहिलं आणि म्हणाला,

"चणे."

आणि सबंध आळी सवयीने म्हणाली, "आम्हासाठी विनंती कर."

म्हटल्यावर लोकांच्या लक्षात आलं, पण तोवर म्हणून झालं होतं. मागे कुणीतरी नाकातून हसलं. जॅक्सनचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलाला खेळणं मिळाल्यावर येतो तो आनंद नव्हता. बऱ्याच वर्षांनी बढती मिळालेल्या कारकुनाची गंभीर जबाबदारी होती. "टाकी," तो म्हणाला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उत्तर दिलं, जरा हळू. "चप्पल." उत्तर. "मोटरसायकल." उत्तर. "ज्युलीचा कुत्रा." ज्युली दुसऱ्या रांगेत होती; तिने कुत्र्याला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांबरोबर उत्तर दिलं. केळी, दिवे, आजी, पोलीस, समोसा, चंद्र. कॅथरिनचा खोकला केव्हाच थांबला होता, पण ती तोंडाला पदर लावून खोकल्यात असल्यासारखी बसून राहिली. रोवेना वहीत खुणा करत होती आणि उत्तरं देत होती. आपण या मुलाला तीस प्रश्न विचारले, आणि एकदाही त्याची पाळी येऊ दिली नाही, असं तिच्या मनात आलं. त्याला नावं येत होती. नाव घेतल्यावर समोरच्याने आपलं काम करायचं असतं, एवढीच त्याची अट होती.

चणे घेताना कॅथरिन म्हणाली, "तू पण अशीच होतीस गं. इथेच उभी असायचीस आईला धरून. एक दिवस तुझ्या आईला उचकी लागली."

"मग?"

"मग काय. तुझी चालू झाली गाडी. पहिलं काय बोललीस ते नको विचारूस. फादर होते समोर."

सोमवार आलेला नाही. पण आला असता तर साधारण असं झालं असतं. मुख्याध्यापिकांच्या खोलीत स्वतः मुख्याध्यापिका, बालवर्गाच्या उन्नती टीचर, जेसिका, जॅक्सन आणि रोवेना बसले असते. कॅथरिनला फाटकाशी बसवलं असतं, कारण शाळा मुलाबरोबर एकच पालक आत घेते, आणि जेसिकाने रिक्षात सारखं बजावलं असतं, प्रार्थना नको हां जॅकू, इथे प्रार्थना नको. रोवेनाच्या अहवालात लिहिलेलं असतं की बालकाला शंभराहून अधिक वस्तूंची नावं येतात, परंतु त्यास प्रत्येक नावानंतर श्रोत्याचा प्रतिसाद आवश्यक असतो.

"कसला प्रतिसाद?" मुख्याध्यापिकांनी विचारलं असतं. त्या चांगल्या बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं असतं.

"शाब्दिक," रोवेना म्हणाली असती.

उन्नती टीचरनी टोपलीतून लाल चेंडू काढून जॅक्सनच्या हातात दिला असता. "बेटा, हे काय आहे?" जॅक्सनने चेंडू पाहिला असता. आईकडे पाहिलं असतं; आई जमिनीकडे बघत असती. मग तो म्हणाला असता, "बॉल." स्वच्छ, खणखणीत. आणि थांबला असता.

"व्हेरी गुड. आणि हे?" टीचरनी प्लॅस्टिकचं केळं पुढे केलं असतं. पण त्याचं बॉलचं काम अजून पुरं झालेलं नसतं. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं असतं, क्रमाने, कुणाला वगळू नये म्हणून, आणि शेवटी रोवेनाकडे, कारण शनिवारी ती आळीत उत्तर देताना त्याने तिला बघितलं होतं. तीन शब्द होते. ते तिच्या जिभेवर होते, अगदी पुढे, दातांना लागून. खोलीत पंखा फिरत होता. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं. परीक्षकाने कोणतीही सूचक मदत करू नये, हेही तिच्या पुस्तिकेत होतं, आणि समोरच्या टेबलावर ती पुस्तिका होती, कारण शाळेने संच विकत घेतला होता. आपण हे शब्द इथे उच्चारले तर आपण कोण ठरू, असा एक प्रश्न तिला पडला असता, आणि त्याचं उत्तर शोधण्यात जो वेळ गेला असता तेवढाच वेळ होता. जॅक्सनने चेंडू टोपलीत परत ठेवला असता, घरंगळू नये म्हणून हाताने दाबून. मग केळ्याला, बसगाडीला, हत्तीला त्याने काहीच म्हटलं नसतं. हातही जोडले नसते.

"मॅडम, तुमच्याच पुस्तकाच्या बाहेर आम्ही जात नाही," मुख्याध्यापिका शेवटी म्हणाल्या असत्या, आणि शाळा उघडेल तेव्हा याला चार पूर्ण झालेली असतील असं सांगून त्यांनी ते जाड ठशातलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं असतं. जिन्यात जेसिकाने मुलाला कडेवर घेतलं असतं, तो कडेवर घेण्याच्या वयाचा नसताना, आणि दोन पायऱ्या उतरून मागे न बघता म्हणाली असती, "त्याचं राहू दे मॅडम. तुम्ही तरी बोलायचं होतं."

हे काही झालेलं नाही. त्यामुळे बुधवारी दुपारी रोवेना दवाखान्यात बसून जो अर्ज लिहिते आहे तो वेळेत आहे. सुरुवातीला तिने तो संचाच्या मानक समितीला लिहायला घेतला. पण समितीत ती एकटीच आहे, आणि समिती असल्या अर्जाला भीक घालणार नाही हे तिला अनुभवाने माहीत आहे. म्हणून तिने तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. खालून व्हॅनिलाचा वास येतो आहे. उद्या गुरुवार; उद्यापासून 'वाट पाहावी' असं लिहिता येणार नाही.

प्रति,
मा. निबंधक,
जन्म व मृत्यू नोंदणी विभाग.

विषय: बालकाचे वय स्थगित ठेवणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मौजे सांडोर येथील बालक जॅक्सन यास दिनांक उद्या रोजी चार वर्षे पूर्ण होत आहेत. सदर बालकाची तयारी पूर्ण असून, त्याच्या समोर बसणाऱ्या प्रौढ व्यक्तींची तयारी अद्याप अपूर्ण आहे. यात अर्जदाराचाही समावेश आहे. सबब, उक्त प्रौढांची तयारी पूर्ण होऊन तसा दाखला सक्षम अधिकाऱ्याकडून प्राप्त होईपर्यंत, बालकाचे वय तीन वर्षे अकरा महिने एवढेच कायम ठेवण्याबाबत संबंधितांना आदेश व्हावेत.